चारशे किलोमीटर खारं पाणी

बदलीचा हुकूम आला तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला मुलीच्या शाळेचा आणि दुसरा टाकीचा. शाळेचा आठ दिवसांत सुटला. टाकीचा सुटेना. ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये चार वर्षं चालू असलेली खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी, आणि जायचं कुठे तर जळगावला. समुद्रापासून जितकं दूर जाता येईल तितकं.

"विकून टाक," असं सगळ्यांनी सांगितलं. मामेभाऊ तर म्हणाला, "मेहरूणच्या तलावात सोडून दे ना भो." त्याला समजावलं की गोड्या पाण्यात हे मासे टिकायचे नाहीत. तो म्हणाला, "मग ठेव तिकडेच."

टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद, २० इंच उंच, १२ मिमी काचेची. नुसती रिकामी काचच ७० किलोच्या आसपास. पाणी कागदोपत्री २८० लिटर, खालच्या सम्पमध्ये, म्हणजे गाळणीच्या टाकीत, आणखी ७०. मासे मोजून चार: क्लाऊनफिशची जोडी, एक ब्लू टँग, एक फॉक्सफेस. शिवाय दोन क्लीनर श्रिम्प (कोळंबीच्या जातीच्या), शंखातले खेकडे, गोगलगाई. प्रवाळ नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहे, त्यामुळे तो शौक परवडो न परवडो, करायचाच नाही. दगडसुद्धा समुद्रातले नव्हेत. सिमेंट आणि शिंपल्याच्या चुऱ्याचे, ओबडधोबड, भोकाभोकांचे. आणले तेव्हा पांढरेफटक होते. आता जांभळे, हिरवे, तपकिरी झालेत.

आणि खरी टाकी म्हणजे हे दगडच. मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकत राहतो. तो साचला तर आपल्याच घाणीत मरतो. दगडाच्या भोकांत बसलेले जीवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. पाण्यात ते फारसे नसतात, पृष्ठभागाला चिकटून असतात. पाणी एका दिवसात नवं बनवता येतं. ३५ किलो दगड असे जिवंत व्हायला मात्र चार वर्षं गेली होती. पॅकर्सवाल्याला हे सांगायला गेलो तर त्याने यादीत 'शोभेचे दगड – १ पोतं' असं लिहिलं आणि काचेची हमी घेणार नाही म्हणाला. त्याला नमस्कार केला आणि अमळनेरचा एक टेम्पोवाला गाठला, जो तसाही रिकामा परत जाणार होता.

बुधवार, ठाणे

जानेवारीचा दुसरा आठवडा. सोमवारपासून माशांचा उपास सुरू. पोट रिकामं असलं की वाटेत घाण कमी. ब्लू टँग दर वेळी काचेपाशी येऊन तोंड उघडायची, तेव्हा माझ्यापेक्षा बायकोलाच जास्त त्रास व्हायचा.

जळगावला मामेभावाला फोनवर सूचना दिल्या. माझं जुनं आरओ मशीन आणि १० किलो मीठ आधीच पाठवलं होतं. २०० लिटर पाणी गाळून पिंपात भरायचं, त्यात ७ किलो मीठ, लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशोबाने, आणि पंप चालू ठेवायचा. "सात," मी दोनदा सांगितलं. "हो रे," तो दोनदा म्हणाला.

बाजारातून ५० लिटरचे चार निळे ड्रम आणले, झाकणाच्या नव्या बादल्या आणल्या. थर्माकोलची खोकी मासळीवालीकडून. तिने विचारलं, "बर्फ किती लागेल?" बर्फ नको, मासे गरम ठेवायचेत, म्हटल्यावर तिने बायकोकडे सहानुभूतीने पाहिलं.

गुरुवार, ठाणे ते धुळे

पहाटे चारला उठलो. आधी स्वच्छ पाणी काढून घ्यायचं, तळ ढवळायच्या आत. दोन ड्रम जुन्या पाण्याने भरले. उरलेल्या दोन ड्रममध्ये दगड, पाण्यात बुडवून.

दगड उचलल्याशिवाय मासे सापडत नाहीत, आणि ब्लू टँग तर दगड उचलूनही सापडत नाही. घाबरली की ही बया कपारीत शिरते आणि पाठीचे काटे ताठ करून अडकून बसते. शेवटचा मोठा दगड वर काढला तर आत ही, पाचर मारल्यासारखी. ओढायची नाही, पर फाटतात. दगड तसाच बादलीवर धरला आणि वाट पाहिली. दगडातलं पाणी गळत राहिलं, माझे हात भरून आले, आणि अर्ध्या मिनिटाने ती स्वतःच घसरून बादलीत पडली. पडली ती आडवी. मेल्याचं सोंग हिला उत्तम जमतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याचं काळीज थांबतं. आम्हाला सवय होती, तरी बायकोने बॅटरी मारून कल्ले हलताहेत ना ते पाहिलंच.

फॉक्सफेसला जाळीत घ्यायचं नाही, काटे विषारी असतात. पिशवीतही नाही, पिशवी भोसकते. तिला मापाच्या भांड्याने अलगद उचललं. श्रिम्प मात्र दुकानातून ऑक्सिजन भरून घेतलेल्या पिशवीत, तोंड रबराने घट्ट.

मग वाळू. चार वर्षं न हललेल्या वाळूत खाली काळे पट्टे असतात आणि ती हलवली की कुजक्या अंड्याचा वास येतो. तो वायू माशांना विषच. ती सगळी वाळू टाकून दिली. एक वाटीभर वरची ठेवली, नव्या वाळूला विरजण म्हणून.

टाकी रिकामी, खाली थर्माकोल, चार जणांनी धरून टेम्पोत. निघायला साडेनऊ वाजले. गाडीच्या मागच्या सीट पाडून चार बादल्या आणि पिशवीचं खोकं, बॅटरीवरचे हवेचे पंप गुरगुरताहेत, बायको चालवतेय. मी टेम्पोत.

भिवंडी बायपास, पडघा, शहापूर याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, तिथे आम्ही प्रवास केला असं म्हणणंही धाडसाचं होईल. कसारा घाट चढून इगतपुरीला हवा बदलली. नाशिकला दोन वाजले. चांदवडला चहा घेतला. रेणुकामातेला खालूनच हात जोडले. ड्रायव्हरदादा म्हणाले, सातपर्यंत जळगाव.

राहूडच्या घाटात टेम्पोने एकदा रडल्यासारखा आवाज काढला आणि जळक्या रबराचा वास आला. सव्वाचार वाजले होते.

"क्लच गया," दादा म्हणाले.

गाडीत मासे, टेम्पोत दगड आणि जुनं पाणी. बायकोशी दोन मिनिटं बोललो. मासे थांबू शकत नव्हते. धुळ्याला नाना, माझे चुलते, राहतात. तिने पुढे जायचं, बादल्या नानांच्या घरात उतरवायच्या, हीटर लावायचे. मी दगडांपाशी थांबायचं. ती गेली आणि मग माझ्या लक्षात आलं की दगडांना कोणी विचारातच घेतलं नव्हतं. ड्रममध्ये ते अंधारात, साचलेल्या पाण्यात होते. जीवाणूंनाही श्वास लागतो. शिवाय त्या भोकांत किडे, स्पंज, काय काय राहतं. पाण्यातला प्राणवायू संपला की तेच मरतात, कुजतात, आणि मग जो दगड अमोनिया खायचा तोच अमोनिया सोडायला लागतो. पंप होते, पण ते विजेवर चालणारे. बॅटरीवरचे सगळे गाडीत गेले.

तेव्हा झाकणं उघडली, टेम्पोतला दादांचा स्टीलचा तांब्या घेतला आणि ड्रममधलं पाणी तांब्याने वर उचलून हातभर उंचीवरून परत ओतायला सुरुवात केली. धार पडली की फेस येतो, फेसाबरोबर हवा आत जाते. दर अर्ध्या तासाने दहा मिनिटं. मालेगावहून मिस्त्री यायला सहा वाजले आणि तो गाडीखाली शिरला. मग वर मी पाणी ओततोय, खाली तो पाने मागतोय. शेजारून जाणाऱ्या एका ट्रकवाल्याने आवाज कमी करून विचारलं, "ताडी का?"

दादांनी बराच वेळ पाहिलं. मग बॅटरी घेऊन ड्रममध्ये डोकावले. एका दगडाच्या भोकातून केसासारखा बारीक पाय बाहेर आला, मग दुसरा, मग पाचही. ब्रिटलस्टार होती, तारामाशाची बारीक पायांची बहीण, चार वर्षांपूर्वी मित्राच्या दगडाबरोबर आलेली. दिवसा कधी दिसायची नाही.

"हाऊ दगड जित्ता शे?" त्यांनी अहिराणीत विचारलं. हा दगड जिवंत आहे का?

"शे," मी म्हटलं. हा एकच माणूस होता ज्याने योग्य प्रश्न विचारला होता. त्यानंतर तांब्या त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला आणि प्लेट बसेपर्यंत पाळ्या लावल्या. घाटात सूर्य गेल्यावर थंडी अशी उतरली की ओले हात पँटला पुसून पुसून पँट ओली झाली, आणि वाळल्यावर मिठाने कडक.

साडेनऊला टेम्पो सुरू झाला. मालेगाव, झोडगे, मग उजेडात असता तर लळिंगचा किल्ला दिसला असता; लहानपणी तो दिसला की 'आला खानदेश' म्हणून आम्ही पोरं खिडकीला लागायचो. सव्वाअकराला नानांच्या दारात.

खानदेश म्हटलं की लोकांना ४५ अंशांचा मे आठवतो, आणि सगळे मला उन्हाळ्यात टाकी कशी थंड ठेवणार ते विचारत होते. जानेवारीतल्या रात्रीबद्दल कोणी बोललं नव्हतं. मधल्या घरात शहाबादी फरशीवर चारही बादल्या ओळीने, प्रत्येकीभोवती काकूंची एकेक गोधडी. हीटर दोनच चालू. तिसऱ्याची काच उतरवताना तडकली होती. उरलेल्या बादल्यांत बायकोने गरम पाण्याच्या बंद बाटल्या सोडल्या होत्या, दर तासाला बदलत होती. पाणी २३ अंशांवर होतं. घरी २६ असायचं. शेजारचे एक आजोबा मफलर गुंडाळून खाटेवर बसले होते, खास बघायला आलेले.

"मासा खावाले शेतस का दखाले?"

"दखाले," नाना म्हणाले.

"मंग इतला खर्च?"

नानांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही त्या क्षणी नव्हतं.

किट काढलं. नळीत पाणी, एका बाटलीचे आठ थेंब, दुसरीचे आठ, पाच मिनिटं. रंग पिवळा राहिला तर ठीक, हिरवा झाला तर अमोनिया. चारही नळ्या हिरव्या, टँगची सर्वांत गडद. मासे सतरा तास बादलीत होते, दहा तासांच्या हिशोबाने भरलेले.

मग आम्ही जुन्या पाण्याचा ड्रम आत घेतला. कोमट केलं. प्रत्येक बादलीतलं निम्मं पाणी काढून तेवढंच ड्रममधलं घातलं. आणि प्रत्येकीत एक-एक दगड ठेवला. धावत्या गाडीत हे करता येत नाही, दगड घरंगळून मासा चिरडतो. पण आता बादल्या जमिनीवर स्थिर होत्या. टँग क्षणात दगडाच्या कपारीत शिरली आणि पाचर मारून बसली. दिवसभरात पहिल्यांदा ती तिच्या जागी होती. पहाटे चारला पुन्हा नळ्या भरल्या तेव्हा रंग पिवळ्याकडे झुकला होता. राहूडला तांब्याने पाणी ओतलेलं सत्कारणी लागलं.

दगडांच्या ड्रममध्ये मी घरचा पंप लावला, नानांच्या इन्व्हर्टरवर. कधी झोपलो आठवत नाही.

शुक्रवार, धुळे ते जळगाव

सकाळी श्रिम्पची पिशवी पाहिली. दोन्ही मेलेले. पिशवीचं तोंड उघडं.

हे नीट सांगायला हवं. बंद पिशवीत श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साचतो, पाणी किंचित आम्लाकडे झुकतं, आणि त्या पाण्यात अमोनिया फारसा विषारी नसलेल्या रूपात राहतो. पिशवी उघडली की तो वायू उडून जातो, पाण्याचा सामू चढतो, आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून पिशवी उघडली की जीव लगेच चांगल्या पाण्यात जायला हवा. बायको बादल्यांत गुंतली होती. नानांनी संध्याकाळीच पिशवी उघडली होती. "जीव गुदमरत असतील," म्हणून. रात्रभर ती तशीच.

मी त्यांना हे सांगितलं नाही. थंडीने गेले म्हटलं. नाना इंटरनेटवर काही वाचत नाहीत. कोणी वाचून दाखवलंच तर नाना, तसेही ते नाजूक असतात, पाण्याच्या खारेपणात थोडा फरक पडला तरी जातात. शंखातले खेकडे त्याच पिशवीत होते आणि मजेत होते.

काकूंनी कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून दिला. नऊला निघालो. पारोळा, एरंडोल, पाळधी. दोन्ही बाजूंना कापसाच्या काड्या उभ्या. बाराला जळगाव.

मामेभावाने सगळं चोख करून ठेवलं होतं. पिंप भरलेलं, पंप फिरतोय. मी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारेपणा मोजायच्या नळीवर, थेंब टाकून उजेडाकडे धरला. १.०२५ हवं होतं. १.०३६.

"किती टाकलंस?"

"पिशवी संपवली. तीन किलो उरवून काय करायचं?"

मीठ कमी असतं तर वाईट झालं असतं, जास्त असलं तर पाणी घालता येतं. १२० लिटर जास्त खाऱ्या पाण्यात ५० लिटर साधं घातलं की काम भागणार होतं. पण साधं म्हणजे गाळलेलं. घरच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, ९००च्या वर, आणि आरओ मशीन थंडीत मुळातच मंद. तासाला आठ लिटर. भाऊ पाणीवाल्याकडून २० लिटरचे जार आणायला निघाला होता, मी अडवला. त्या पाण्यात चवीसाठी मीटरवर दिसण्याइतके क्षार ठेवलेले असतात. सहा तास थांबलो.

तेवढ्या वेळात टाकी बसवली. जुन्या घरांच्या फरशीला मोरीकडे उतार असतो. पाणसळ लावली तर चार फुटांत ६ मिमी. तेवढ्याने काचेच्या सांध्यावर एका बाजूने ताण येतो आणि तो ताण सहा महिन्यांनी, रात्री दोन वाजता कळतो. स्टँडखाली पाचरी दिल्या, पुन्हा पाणसळ, पुन्हा पाचर. गवंडी बोलावला असता तर दहा मिनिटांत झालं असतं. आम्ही दोन तास घेतले.

संध्याकाळी सातला: नवी वाळू, तीत ती वाटीभर जुनी. जुनं पाणी. दगड, तळाशी घट्ट बसवून. मग नवं पाणी. सगळं गढूळ, ताकासारखं. हीटर, पंप. नऊला पाणी २५ अंश, मीठ १.०२५. मासे सोडले तेव्हा आम्हाला ते दिसलेही नाहीत. पांढऱ्या धुक्यात नारिंगी काहीतरी हललं, इतकंच.

शनिवार ते पुढचा रविवार, जळगाव

शनिवारी धुकं खाली बसलं. क्लाऊनची जोडी एकमेकांना ओळखत नसल्यासारखी भांडत होती. मादी मोठी, तिने नराला कोपऱ्यात दाबलं. दुपारपर्यंत तो तिच्यापुढे अंग थरथरवून शरण गेला आणि संसार सुरू झाला. टँगच्या अंगावर पांढरे ठिपके येतात का ते दिवसातून दहा वेळा पाहिलं. प्रवासाच्या ताणानंतर हिला तो रोग हमखास. आले नाहीत.

अमोनिया रोज मोजला. शनिवारी किंचित हिरवट, रविवारी तसाच, सोमवारी पिवळा. नंतर पिवळाच. नवी टाकी असती तर या फेऱ्याला महिना-दीड महिना लागला असता. खाणं अगदी कमी दिलं, दिवे चार तासच.

रविवारी मामेभावाच्या शेतात भरीत होतं. काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी फुटताहेत, बडगीत मिरच्या-लसूण कुटला जातोय, आणि मी खिशात टेस्टची नळी घेऊन बसलोय, कारण निघताना भरलेल्या नळीचा रंग अजून ठरत नव्हता. भावाने ती सर्वांना दाखवली. त्यावरून पडलेल्या टोपणनावाने आता मला शेतातले सगळे हाक मारतात. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ड्रायव्हरदादांचा अमळनेरहून फोन आला. "दगड कशा शेतस?" मासे त्यांनी विचारले नाहीत. ब्रिटलस्टारचा रात्री काढलेला फोटो पाठवला.

धुळ्याहून मात्र तक्रार आहे. मधल्या घरात बादल्या होत्या तिथे फरशीवर चार पांढरी वर्तुळं उठली आहेत. काकूंनी तीनदा पुसली. वाळली की पुन्हा उमटतात. मी सांगितलं, काकू, भरपूर पाणी घ्या, आणि दर वेळी नवं घ्या, त्याच पोच्याने पुसलं तर मीठ फक्त पसरतं. त्या म्हणाल्या, "पुसीसन पुसीसन हात खारा व्हयना. तू ये आते, तूच पूस."

पुढच्या शनिवारी जाणार आहे.